उशाशी कोण आहे?

ऑक्टोबर उतरणीला लागला की आमच्या सेक्टरातल्या सप्तपर्णी फुलतात आणि निम्म्या सोसायटीचं डोकं दुखायला लागतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दरवर्षी ठरलेला मेसेज येतो, ये पेड कटवा दो यार. मी दरवर्षी एकटी विरोध करते. ज्यांना खरंच दमा आहे त्यांना मी घरी बोलावून इन्हेलर नीट कसा ओढायचा ते शिकवते, पण झाडाला हात लावू देत नाही. लोक म्हणतात, डॉक्टरसाहिबा जरा हट्टी आहेत. आहेच मी. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या श्वासासाठी भांडण्यात गेली, एवढा हट्ट अंगात मुरणारच.

खरं सांगायचं तर त्या वासाने माझंही डोकं दुखतं. उग्र, गोड, नको इतका गोड वास. ऊन पिवळं पडलं की तो एकदम दाटतो आणि पडद्यातून घरात शिरतो. आणि तो आला की मी या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत नाही. मी राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात उभी असते, खांद्याला पर्स, कमरेला पेजर, आणि समोरच्या दाराआडून मुजावरसाहेब विचारत असतात, "काय वहिनी, आज किती जणांना झोपवलंत?"

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला झोपवणं आणि त्याचा श्वास सांभाळणं हे माझं काम. मुजावरसाहेब सांख्यिकी खात्यात अधिकारी, मूळचे मिरजेचे. त्यांच्या पत्नी नसीमवहिनी. आमच्या दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि त्यातून वर्षभर डबे जायचे-यायचे. आमच्याकडून पुरणपोळी, त्यांच्याकडून शीरखुर्मा, आणि एरवी कुणाकडूनही पिठलं. मुजावरसाहेबांना मोजायचा नाद होता. जिन्याच्या पायऱ्या किती, समोरच्या झाडावर पोपट किती, माझ्या मुलीने एका वाक्यात हिंदी शब्द किती घातले, सगळं ते मोजायचे. "मुक्ता, सातपैकी चार शब्द हिंदी. आज पास नाही," असं म्हणूनही तिला लिमलेटची गोळी द्यायचेच.

त्या वर्षी सगळेच कुठून तरी उठून कुठे तरी निघाले होते. देश नुकता खुला झाला होता, गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवल्या होत्या, आणि माझा नवरा सतीश केंद्र सरकारच्या मंत्रालयातली कायमची नोकरी सोडून गुडगावच्या परदेशी कंपनीत जायचं म्हणत होता. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर एकच प्रश्न विचारला, "पेन्शनचं काय?" आम्ही गुडगावात फ्लॅट घेतला होता. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. पाणी टँकरने यायचं. मागच्या शेतात मोर ओरडायचे आणि पुढे जनरेटर. ऑटोवाला राज्याच्या सीमेपलीकडे यायचं नाव काढलं की मान फिरवायचा.

मी मात्र सतीशच्या आधीच सीमा ओलांडली होती. तिथल्या एका नव्या, काचेच्या हॉस्पिटलात मी लागले होते. लॉबीत संगमरवर, आयसीयूत कॉफीचं मशीन, आणि एसी इतका की पेशंटच्या आधी नर्सेसना सर्दी. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात तयार झालेली मी, जिथे एका बेडवर दोन पेशंट असायचे. इथली ती नवी कोरी यंत्रं बघून मी हरखून गेले होते, कबूल करते. प्रत्येक बेडपाशी एक मॉनिटर आणि त्यावर श्वासाची लहर. पेशंटने सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड यंत्र मोजतं आणि पडद्यावर टेकडीसारखी रेघ काढतं. टेकडी उमटली तर नळी श्वासनलिकेत आहे. रेघ सपाट राहिली तर नाही. इतकं सोपं आहे.

आता ट्रॅकिऑस्टॉमीचं सांगते. पेशंट बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहणार असेल, तर तोंडातून घातलेली नळी काढून गळ्याच्या पुढच्या बाजूला छोटं छिद्र करतात आणि तिथून श्वासनलिकेत नळी बसवतात. पूर्वी त्यासाठी थिएटरमध्ये न्यावं लागायचं. त्या वर्षी आमच्याकडे नवी पद्धत आली, बेडवरच करायची. आधी सुई, मग तार, मग तारेवरून छिद्र रुंद करायचं आणि नळी सरकवायची. ती करणारे डॉक्टर साहनी परदेशात शिकून आले होते. हात सफाईचा, बोलणं त्याहून सफाईचं.

सर्जन गळ्यापाशी, भूलतज्ज्ञ उशाशी. सर्जन करतो ते सगळ्यांना दिसतं, उशाशी चाललेलं कुणाला दिसत नाही. तोंडातली जुनी नळी दातापाशी बावीस सेंटिमीटरच्या खुणेवर असते. ती मी तिच्या टोकाजवळच्या फुग्यातली हवा सोडून हळूहळू वर ओढते, सतरापर्यंत, म्हणजे सर्जनची सुई नळीत घुसणार नाही. पण पूर्ण बाहेर काढत नाही. टोक स्वरयंत्राच्या जेमतेम आत ठेवायचं आणि दोन बोटांनी धरून उभं राहायचं. बोटांना रग लागते, पाठ वाकते, आणि फोटो मात्र साहनींचा निघतो.

पहिल्याच ट्रॅकिऑस्टॉमीला माझ्या हातून चूक झाली. साहनी म्हणाले, "अंदर है, निकालो." सिस्टर लिसीने जुनी नळी बांधलेली पट्टी कापली, मी जुनी नळी काढली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली. ठण्ण आवाज झाला. टाळ्या झाल्या, लाडू आले, मीही एक खाल्ला. नळी बरोबर जागी होती, पेशंट उत्तम. घरी येताना सीमेवरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली आणि मला आठवलं. नळी काढताना मी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. साहनींच्या शब्दावर काढली होती.

सतीशला सांगितलं तर म्हणाला, "पण झालं ना नीट?"

"नीट झालं हेच वाईट झालं," मी म्हणाले. "आता सगळ्यांना वाटणार असंच करायचं असतं."

दुसऱ्या दिवसापासून मी माझा नियम लावला. नवी नळी बसली की यंत्र तिला जोडायचं, पडद्यावर सहा लहरी यायच्या, मी त्या मोठ्याने मोजायच्या, आणि सहा झाल्यावरच जुनी नळी निघायची. कात्री सिस्टरच्या हातात नाही, माझ्या खिशात. मी मोजायची मराठीत, कारण घाईच्या वेळी मला दुसऱ्या भाषेत मोजताच येत नाही. लिसी कोट्टायमची, ती आठवड्याभरात माझ्याबरोबर एक दोन तीन म्हणायला लागली. साहनी हसायचे. "आपकी पूजा हो गई?" मी म्हणायचे, "अभी दो मंत्र बाकी हैं, सर."

दसऱ्याच्या आठवड्यात मुजावरसाहेबांचं पोट बिघडलं. दोन दिवस ताप, मग बरे झाले. मग एका सकाळी जिन्यात बसून राहिलेले दिसले. म्हणाले, "वहिनी, अठरा पायऱ्यांपैकी अकरा झाल्या. पुढच्या सातांना पाय येत नाहीयेत." मी गुडघ्यावर हातोडीऐवजी किल्लीच मारून बघितली, पाय हलला नाही. नसांचा आजार होता. शरीराचीच फौज उलटून नसांवर चाल करते, पायांपासून वर. बहुतेक माणसं यातून बरी होतात, पण तोवर काही आठवडे छातीही हलत नाही. आमचं हॉस्पिटल सरकारी पॅनेलवर होतं, तिथे नेलं. चौथ्या दिवशी त्यांच्या तोंडात नळी मीच घातली.

या आजारात डोकं अगदी ताळ्यावर असतं, हे त्यातलं सर्वात क्रूर. माणूस सगळं ऐकतो, सगळं समजतो, आणि बोटही हलवू शकत नाही. मुजावरसाहेबांच्या फक्त पापण्या हलत. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. नसीमवहिनींनी मुक्ताच्या जुन्या पाटीवर मुळाक्षरं लिहून आणली. आम्ही बोट फिरवायचो, अक्षर आलं की ते पापणी मिटायचे. एका वाक्याला अर्धा तास लागायचा. पहिलं वाक्य आलं ते "पंखे नऊ". छतावरच्या एसीच्या झरोक्यांना ते पंखे म्हणत होते. वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

दोन आठवडे झाले. तोंडातल्या नळीने ओठ फाटले, जीभ सुजली. ट्रॅकिऑस्टॉमी करायला हवी होती. नसीमवहिनींना सांगितलं तर त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"अनुताई, गळ्याला भोक पाडलं की माणूस घरी येत नाही. पहाडगंजला आमच्या मामूंचं तसंच झालं."

"मामूंना काय आजार होता?"

"ते माहीत नाही. भोक माहितीये."

"वहिनी, भोक आजाराने पडत नाही, आपण पाडतो, आणि बरं वाटलं की बुजतं. ते बोलतील परत. मी सांगतेय ना."

"तू तिथे असशील?"

"उशाशी. सगळा वेळ."

शेजारच्या बेडांवरचं माझं सहापर्यंतचं मोजणं मुजावरसाहेब दोन आठवडे ऐकत आले होते; आता त्यांना स्वतःला विचारायला हवं होतं. मी पाटी धरली, वहिनींनी बोट फिरवलं. एक एक अक्षर जमत गेलं आणि शेवटी पाटीवर आलं, उशाशी कोण. मी म्हणाले, "मी. दुसरं कुणी नाही. तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही. डोळे मिटाल, उघडाल तेव्हा तोंड मोकळं असेल." त्यांनी एकदा पापणी मिटली. दोन वचनं दिली मी त्या माणसाला, आणि देताना माझ्या आवाजात काडीची शंका नव्हती.

घरी मुक्ता विचारत होती, "आई, उशाशी मतलब?" मी म्हटलं, "सिरहाने." ती म्हणाली, "अच्छा, तो वैसे बोलो ना." मुजावरसाहेबांनी तिला नापास केलं असतं.

सकाळी अकराची वेळ होती. त्या दिवशी हॉस्पिटलच्या मालकांचे कुणी पाहुणे नवी पद्धत बघायला आले होते, सूट घालून, तोंडाला मास्क नाकाच्या खाली. साहनी फॉर्मात होते. मी औषध दिलं, पंधरा-वीस मिनिटं पुरेल एवढं, मुजावरसाहेबांचे डोळे मिटले. मी नळी बावीसवरून सतरावर आणली, दोन बोटांत धरली आणि उभी राहिले. सुई, तार, छिद्र, नळी. पाहुण्यांना एकेक पायरी समजावत, वीस मिनिटांत सगळं.

"अंदर है," साहनी म्हणाले. "निकालो."

यंत्र नव्या नळीला जोडलं. पडद्यावर रेघ सपाट. लिसी मोजायला तोंड उघडून उभी, आणि मोजायला काही नाही.

"मॅडम, निकालो. लीक हो रहा है, इसलिए नहीं दिख रहा."

"नाही," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. "नाही काढणार."

हातातल्या पिशवीने हवा दिली तर पिशवी दगडासारखी घट्ट. गळ्याची कातडी फुगायला लागली. नळी श्वासनलिकेच्या आत नव्हती, तिच्या पुढ्यातल्या मांसात शिरली होती. प्राणवायूचा आकडा अठ्ठ्याण्णववरून नव्वद, चौऱ्याऐंशी, सत्तरच्या आत. पाहुण्यांपैकी एकजण बाहेर निघून गेला. मी साहनींना सांगितलं, तुमची नळी काढा आणि छिद्रावर बोट ठेवा. जुनी नळी माझ्या बोटांत होतीच. ती पुन्हा खाली सरकवली, बावीस, फुगा भरला, यंत्र जोडलं. टेकडी उमटली. मग दुसरी. आकडा सावकाश चढला. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही. मी ती नळी साहनींच्या शब्दावर काढली असती तर सुजलेल्या घशातून दुसरी घालायला मला वाट सापडली नसती, आणि समोरच्या दारातला तो माणूस माझ्याच हातात गेला असता.

वरच्या मजल्यावरून श्वासनलिकेत बघायची दुर्बीण मागवली. ती यायला, जोडायला अर्धा तास गेला. मी गळ्याची सूज बघत होते, आकडा बघत होते, नळी धरून होते. नाडी वाढत गेली, एकशे तीस, एकशे चाळीस. मला वाटलं, प्राणवायू कमी पडला होता म्हणून. शिवाय या आजारात नाडी उगीच उड्या मारतेच. मग दुर्बिणीतून तार मधोमध दिसली, साहनींनी या वेळी एक शब्द न बोलता नळी घातली, आणि मी मोजलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. कात्री काढली, पट्टी कापली. साहनी घामाघूम झाले होते. म्हणाले, "थँक यू, मॅडम." चांगला माणूस होता तो. त्या दिवसापासून माझ्याआधी तेच पडद्याकडे बघायचे.

बाहेर वहिनींना सांगितलं, झालं सगळं नीट. त्या माझे हात धरून रडल्या. घरी गेले तर जिन्यात सप्तपर्णीचा वास गच्च भरलेला आणि सतीश सामानाची खोकी बांधत बसलेला. त्याने राजीनामा लिहिला होता, दिला नव्हता. मी म्हटलं, कंपनीचं पत्र हातात पडल्याशिवाय देऊ नकोस. तो म्हणाला, "तुझे ते सहा आकडे का?" मी म्हटलं, हो, तेच.

मुजावरसाहेब बरे झाले. आधी खांदे, मग हात, मग छाती. जानेवारीत, धुकं उठून कोवळं ऊन खिडकीत आलं अशा एका सकाळी, गळ्यातल्या नळीला बोलायची झडप लावली. पहिला शब्द वहिनींसाठी होता. "चहा." खरखरीत, पण त्यांचाच आवाज. वहिनी पदर तोंडाशी धरून चहा आणायला पळाल्या. मी खुर्ची ओढून बसले. आता आभार मानतील, अशी माझी तयारी होती.

"वहिनी," ते म्हणाले, "पहिल्यांदा तुम्ही मोजलंच नाहीत."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"तुम्ही जागे होतात?"

"साहनी म्हणाले निकालो. तुम्ही म्हणालात, नाही काढणार. तिथपासून." प्रत्येक वाक्यानंतर ते श्वास घ्यायला थांबत होते. "मग नुसता यंत्राचा आवाज. मी एकची वाट बघत होतो."

"दुखलं?"

"दुखलं."

त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे बघत राहिले. नाडी एकशे चाळीसवर होती ती प्राणवायूसाठी नव्हती. तो माणूस आतून ओरडत होता आणि ती एकच वाट त्याला उरली होती. औषध वीस मिनिटांचं, काम तासाभराचं झालं, आणि नळी धरून ठेवण्याच्या नादात मी दुसऱ्या हाताने सुईतून चार थेंब वाढवायला विसरले. भूल देणं हे माझं काम. तेच विसरले.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "नाडी सांगत होती, मी ऐकलं नाही."

"चुकलं," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पण उशाशी होतात. तुमची बोटं माझ्या गालाला लागत होती, ती हलली नाहीत. मग एक आलं. सहापर्यंत आलं. तेव्हा मला वाटलं, आता घरी जाणार."

मला रडू आवरलं नाही. ते म्हणाले, "हे हिला सांगायचं नाही. आणि पुढच्या माणसाला चुकू नका." एवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, तू का रडतेस, बोलले ना ते?"

ते नंतर खूप वर्षं जगले. निवृत्त होऊन मिरजेला गेले, फोनवर मुक्ताचे हिंदी शब्द मोजत राहिले. वहिनींना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. इथे लिहितेय, कारण त्याही आता नाहीत. लक्ष्मीबाई नगरची ती दोन दारं पाडून तिथे उंच इमारती झाल्या. झाडांचं काय झालं ते बघायला मी गेले नाही.

मी अजून आठवड्यातून दोन दिवस आयसीयूत शिकवायला जाते. आता नळीच्या टोकाला कॅमेरा असतो, सगळं पडद्यावर लख्ख दिसतं. झोपेचं औषध पंपातून अखंड चालू असतं, आणि ते चालू आहे हे मी स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय गळ्याला कुणाला हात लावू देत नाही. नाडी वाढली की आधी पंप बघायचा, मग बाकीचं. एक हात नळीवर, दुसरा पेशंटच्या कपाळावर. आणि सहा लहरी, मोठ्याने, मराठीत. लिसी कधीच आखातात गेली, पण त्या युनिटात रोहतकची नर्ससुद्धा सहाला सहाच म्हणते.

परवा एक नवी डॉक्टर मुलगी उशाशी उभी होती. हात चांगला आहे तिचा, माझ्याहून चांगला. लहरी आल्या, तिने मनातल्या मनात मोजल्या आणि मान हलवली. मी म्हटलं, मोठ्याने मोज.

"मॅम, पेशंट तो सो रहा है. किसको सुनाना है?"

मी तिला मुजावरसाहेबांचं सांगितलं. थोडक्यातच, कारण नळी तिच्या बोटांत होती. तिने पंपाकडे पाहिलं, नाडीकडे पाहिलं, मग त्या झोपलेल्या माणसाच्या कानाशी वाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक.